पडद्यावरचीं अक्षरें

डिझाइन शिकणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यास त्याच्या आवडी विचारल्या, तर तो बहुधा तीन नांवें एका दमांत सांगतो: सर्जनशील चित्रकला, अक्षररचना आणि वेब डिझाइन. हीं तीन नांवें तो अशा सहजतेनें एकत्र गुंफतो, कीं जणू तीं एकाच आईचीं लेंकरें आहेत आणि त्यांच्यांत कधीं भांडण होणें शक्यच नाहीं. आमच्या मतें त्यांच्यांत भांडण आहे. तें जुनें आहे. आणि तें कोणत्या बाजूनें मिटतें, यावर मराठी वाचकाचें बरेंच कांहीं अवलंबून आहे. चित्रकारास पाहणारा हवा असतो. अक्षरें जुळविणाऱ्यास वाचणारा हवा असतो. पाहणाऱ्याचा डोळा आकृतीवर ठरतो. वाचणाऱ्याचा डोळा आकृतीवरून पुढें सरकतो. एकाच आकृतीनें डोळ्यास धरून ठेवावें आणि त्याच वेळीं सोडूनहि द्यावें, ही मागणी सोपी नव्हे. प्रस्तुत लेखांत या मागणीचा विचार देवनागरीच्या, आणि विशेषेंकरून मराठी देवनागरीच्या, संबंधानें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वाङ्मयास वाहिलेल्या मासिकांत हा विषय कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. कवितेचा विचार टीकाकारानें करावा, खिळ्यांचा विचार छापखानेवाल्यानें करावा, अशी श्रमविभागणी आपल्याकडे फार दिवस चालत आली आहे. परंतु काव्य असो वा निबंध असो, तो वाचकाकडे येतो तो अक्षरांच्या रूपानें; आणि तें रूप आतां केवळ छापखान्यांत ठरत नाहीं. आज वर्तमानपत्र, कथा, सरकारी सूचना आणि आप्तेष्टांचें पत्र हीं सर्व एकाच मोबाइलच्या कांचेखालीं वाचलीं जातात. त्या कांचेखालचीं अक्षरें केवढीं असावींत, दोन ओळींत अंतर किती असावें, रेषेची जाडी कोणती असावी, हें ठरविणारा मनुष्य पुष्कळदां नुकताच शाळेबाहेर पडलेला एखादा तरुण असतो. आणि हा निर्णय घेण्यापूर्वीं त्यानें मराठीचीं दहा पानें सलग वाचलीं असतील, अशी खात्री कोणी देऊं शकत नाहीं. म्हणून त्याची रुचि कशी घडते, हा प्रश्न निव्वळ धंद्याचा नव्हे. तो टीकेच्या कक्षेंतला आहे.

आपल्या अक्षरांचा पूर्वेतिहास थोडक्यांत पाहिल्यावांचून या रुचीचें माप घेतां येणार नाहीं. मुद्रणापूर्वीं अक्षर बोरूनें घडत असे. बोरूचें टोक तिरकें कापलेलें. हात जसा वळेल तशी रेषा जाड वा बारीक होई. आणि लिहिणारा व वाचणारा हे बहुधा एकाच परंपरेंत वाढलेले असत. मुंबईंत गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं शिळाछापावर पंचांग काढलें, तेव्हां हातचें अक्षरच दगडावरून कागदावर उतरलें. शाईंत चरबी असते म्हणून सोवळ्या मंडळींनीं नाक मुरडलें, तेव्हां त्यांनीं तुपाची शाई केली, असें सांगतात. पुढें खिळ्यांची छपाई रुळली. अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखालीं जावजी दादाजी हा गरिबाचा मुलगा शिकला; १८६९ सालीं त्यानें निर्णयसागर छापखाना काढला; आणि राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कसबी माणसानें कोरलेल्या अक्षरांनीं संस्कृत व मराठी ग्रंथांस असें रूप दिलें, कीं देशोदेशींच्या पंडितांनीं त्या प्रती जपून ठेविल्या. निर्णयसागरचें पान आजहि उघडून पाहावें. शिरोरेषा ठाम, काना सरळ, अक्षराच्या पोटांतली पोकळी मोकळी, जोडाक्षरांचा उतार पोथीस साजेसा. त्यांत कोरणाऱ्याचें नांव कोठें दिसत नाहीं. दिसतो तो ग्रंथ.

या सौंदर्याची किंमत मात्र जुळाऱ्यानें मोजली. स्वरचिन्हें, अर्धीं अक्षरें, रफार आणि जोडाक्षरें मिळून देवनागरीस शेंकडों निरनिराळे खिळे लागत. त्यांचीं घरें जुळाऱ्याच्या समोर नि दोहों बाजूंस पसरलेलीं असत. आणि अंगाबाहेर झुकलेल्या मात्रा व वेलांट्या छापतां छापतां मोडत. म्हणून यंत्राच्या सोयीसाठीं अक्षर वाकवावें, असा विचार निघाला. लोकमान्य टिळकांसारख्या पुरुषानें खिळ्यांची संख्या घटविण्याच्या कामीं लक्ष घातलें. सावरकरांनीं 'अि, अी, अु, अू' अशी अ-ची बाराखडी पुरस्कारिली, आणि 'किर्लोस्कर' मासिकानें ती चालवूनहि दाखविली. १९५३ सालीं लखनौस भरलेल्या परिषदेनें ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे नेण्याचें ठरविलें. तें पुढें टिकलें नाहीं. या सर्व खटपटींत एक गृहीत समान होतें, तें हें कीं यंत्र बदलत नाहीं, तेव्हां लिपीनें बदलावें. हें गृहीत आतां उरलेलें नाहीं. संगणकास पांचशें आकृति काय आणि पांच हजार काय, त्याचा हात कधीं भरून येत नाहीं. जें सुधारकांस हवें होतें आणि मिळालें नाहीं, तें आजच्या विद्यार्थ्याच्या हातांत आयतें येऊन पडलें आहे. असें असतां निर्णयसागरच्या तोडीचीं पानें पडद्यावर रोज कां दिसूं नयेत? आमच्या लेखाचा खरा प्रश्न हाच आहे.

अडचण तंत्राची आहे, असें एकेकाळीं म्हणतां येत होतें. १९९१ सालीं युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली आणि तींत देवनागरीस जागा मिळाली. परंतु ती व्यवहारांत रुळेपर्यंत निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटांची सांकेतिक रचना निरनिराळी असे, आणि एका फाँटांत लिहिलेला लेख दुसऱ्यांत उघडला म्हणजे त्याच्या जागीं निरर्थक चिन्हांची रांग उभी राही. या गोंधळांतून बाहेर पडण्याच्या काळांत एका मराठी माणसानें केलेलें काम आमच्या विषयाच्या केंद्रस्थानीं आहे. र. कृ. जोशी (१९३६–२००८) हे कवि, सुलेखनकार, जाहिरातीच्या धंद्यांत मुरलेले कलादिग्दर्शक आणि पवईच्या आय. आय. टी. मध्यें डिझाइन शिकविणारे प्राध्यापक होते. 'मंगल' हा फाँट त्यांचा. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रणालीबरोबर तो घरोघर आणि कचेरीकचेरींत पोंचला, आणि एका पिढीनें पडद्यावरची मराठी म्हणून प्रथम जी पाहिली, ती पुष्कळ अंशीं याच अक्षरांत.

'मंगल'वर टीका करणें सोपें आहे. त्याच्या रेषेंत बोरूचा चढउतार नाममात्र. बांधणी मोकळी आणि थोडी कोरडी. पुस्तक छापण्यास तें अक्षर घेतलें, म्हणजे पान सरकारी परिपत्रकासारखें दिसूं लागतें. परंतु हा दोष पुस्तकासाठीं तें अक्षर निवडणाऱ्याचा आहे. अक्षर घडविणाऱ्याचा नव्हे. त्या काळचा पडदा जाडाभरडा होता. एका अक्षराच्या वाट्यास मोजके ठिपके येत. तेवढ्या ठिपक्यांत 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'ष' आणि 'प' यांचा भेद राखावयाचा. मात्रा शिरोरेषेंत विरघळूं द्यावयाची नाहीं. उकार खालच्या ओळीवर आदळूं द्यावयाचा नाहीं. अशी ती कामगिरी होती. तींत बोरूची नजाकत राखण्याचा हट्ट धरला असता, तर नजाकतहि गेली असती आणि अक्षरहि गेलें असतें. जोशी यांचें सुलेखन ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस ठाऊक आहे, कीं हाच मनुष्य अक्षरांना नाचवी, एकमेकांवर रची, त्यांच्या ध्वनीचें चित्र काढी. ज्याच्या हातांत एवढी मस्ती होती, त्यानें 'मंगल' घडवितांना ती बाजूस ठेविली. त्यांच्या कारकीर्दींतला हा संयम आम्हांस त्यांच्या कोणत्याहि चित्राइतकाच मोलाचा वाटतो. चित्र काढणारा कलावंत स्वतःचें म्हणणें मांडतो; फाँट घडविणारा कलावंत, ज्यांचीं तोंडें त्यानें कधीं पाहिलीं नाहींत अशा असंख्य माणसांच्या म्हणण्यास आपला हात उसना देतो. दुसऱ्याच्या पत्रांत, दुसऱ्याच्या कवितेंत, दुसऱ्याच्या अर्जांत आपण मधें येऊं नये, हें ज्यास कळलें, त्यास अक्षररचना कळली.

याचा अर्थ अक्षरानें कधीं नटूंच नये असा मात्र नव्हे. २०२० सालीं दिवंगत झालेले कमल शेडगे यांनीं मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठीं काढलेलीं शीर्षकें डोळ्यांपुढें आणावीं. पडदा वर जाण्यापूर्वींच नाटक गंभीर आहे कीं खेळकर, ऐतिहासिक आहे कीं घरगुती, याची कल्पना तीं दोन-तीन शब्दांचीं अक्षरें देत. तेथें अक्षर हें नटच होय; आणि वाचकानें त्याच्यापाशीं क्षणभर थांबावें, हाच त्याचा उद्देश होय. 'एक टाइप' या मुंबईच्या अक्षरकारांच्या संस्थेनें केलेला 'मोदक' हा फाँट याच जातीचा आहे. त्यांतलीं अक्षरें इतकीं गुबगुबीत, कीं पोटांतल्या पोकळीच्या जागीं केवळ बारीक पांढरी रेघ उरते. मिठाईच्या दुकानावर, बालगीतांच्या पुस्तकाच्या वेष्टनावर तीं पाहून कोणाच्याहि तोंडास पाणी सुटेल. परंतु त्याच अक्षरांत एक परिच्छेद वाचावयास दिला, तर चौथ्या ओळीस अजीर्ण होईल. त्याच संस्थेनें 'मुक्त' हा दुसरा फाँट केला आहे. तो साधा, सरळ, मोकळ्या पोकळीचा, आणि लांब मजकूर सोसणारा आहे. एकाच कार्यशाळेंतून हीं दोन भिन्न प्रकृतीचीं अक्षरें निघावींत, यांतच मर्म आहे. त्यांच्या कर्त्यांस ठाऊक आहे, कीं शीर्षकाचा धर्म वेगळा आणि मजकुराचा धर्म वेगळा.

विद्यार्थ्याची चूक येथेंच होते. तो शीर्षकाच्या धर्मानें मजकूर मांडतो. त्याच्या संग्रहांतली पानें चाळलीं म्हणजे देवनागरी आढळते ती मोठ्या आकारांत, चित्राप्रमाणें, एखाद्या शब्दापुरती. आणि खालचा खरा वाचावयाचा मजकूर पुष्कळदां रोमन लिपींत, तोहि कित्येक वेळां निरर्थक भरताड शब्दांचा असतो. ज्यास कोणी वाचणार नाहीं असा मजकूर मांडून अक्षररचना शिकणें, म्हणजे कोणी जेवणार नाहीं असा स्वयंपाक करून पाकशास्त्र शिकणें होय. ताट सुरेख दिसेल; मीठ पडलें कीं नाहीं, हें कोणास कळणार नाहीं.

पुढें हाच विद्यार्थी एखाद्या संकेतस्थळाचें मराठी पान करावयास बसतो, तेव्हां रोमन लिपीचे नियम तो जसेच्या तसे लागू करतो, आणि त्यांतून जे दोष उपजतात ते आज सर्वत्र दिसतात. त्यांतले चार येथें सांगतों. पहिला, अक्षरांतील अंतराचा. रोमन अक्षर एकटें उभें असतें. मोठ्या लिपींतल्या शीर्षकांत दोन अक्षरांमध्यें थोडी हवा सोडली तर तें शोभतें. देवनागरी अक्षर शिरोरेषेस टांगलेलें असतें. तेंच अंतर येथें सोडलें, कीं शिरोरेषा जागजागीं तुटते, आणि शब्द हा शब्द न राहतां दोरी तुटलेल्या तोरणासारखा लोंबूं लागतो. दुसरा, ओळींतील अंतराचा. देवनागरी शब्दास तीन मजले आहेत: शिरोरेषेवर मात्रा, वेलांटी, रफार व अनुस्वार; मधें अक्षराचें धड; खालीं उकार व ऋकार. 'कर्तृत्व', 'मूर्तींच्या', 'सर्वांगीण' असे शब्द रोमनच्या मापानें बसविलेल्या ओळींत घातले, म्हणजे वरच्या ओळीचा उकार खालच्या रफारास भिडतो, किंवा चौकटीच्या कडेशीं मात्रेचें डोकें उडतें. तिसरा, तिरप्या अक्षरांचा. रोमन लिपींत तिरपें अक्षर हें स्वतंत्र घडविलेलें, स्वतःचा इतिहास असलेलें अक्षर आहे. देवनागरीस ती परंपरा नाहीं. म्हणून यंत्र सरळ अक्षरासच एका बाजूनें ढकलून देतें, आणि सगळे काने वाऱ्यांतल्या उंसासारखे कलतात. चौथा, कृशतेचा. अलीकडे बारीक, फिकट रेषेची फार आवड आहे. रोमन लिपीस ती थोडीफार सोसते, कारण तिच्या आकृतींत गुंतागुंत कमी. 'क्ष', 'द्ध', 'ष्ट्य' यांसारख्या जोडाक्षरांत मात्र बारीक रेषा म्हणजे कोळ्याचें जाळें. चाळिशी लागलेल्या वाचकास तें दिसतहि नाहीं.

हे चार दोष कोणत्याहि देवनागरी लिहिणाऱ्या भाषेस बाधतात. मराठीचें एक स्वतंत्र गाऱ्हाणें आहे, आणि तें अधिक गंभीर आहे. देवनागरीचीं सर्व अक्षरें सर्वत्र एकाच वळणाचीं कधींच नव्हतीं. हिंदीची वर्णमाला प्रमाण करतांना 'अ', 'झ' आणि 'ण' या अक्षरांचीं मुंबईकडील वळणें स्वीकारलीं गेलीं. 'ल' आणि 'श' यांचीं मात्र उत्तरेकडचींच राहिलीं. मराठी 'ल' पाकळ्यांचा, मराठी 'श' देठाचा. हिंदी 'ल' दंडाचा, हिंदी 'श' गाठीचा. महाराष्ट्र शासनानें ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानें पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' हींच मराठीचीं प्रमाण रूपें होत असें ठरविलें. परंतु युनिकोडमध्यें दोन्ही वळणांस क्रमांक एकच आहे, आणि तें तत्त्वतः योग्यहि आहे. कारण अक्षर एकच, वळण तेवढें भिन्न. कोणतें वळण दाखवावयाचें, हें फाँटानें ठरवावयाचें असतें. आणि ज्या फाँटांत दोन्ही वळणें आहेत, त्यास मजकूर मराठी आहे हें पान करणाऱ्यानें सांगावें लागतें. त्यासाठीं पानाच्या मूळ लेखनांत 'एम्', 'आर्' अशी दोन अक्षरी भाषेची खूण घालावी लागते. खर्च शून्य, श्रम क्षणभराचे. तरीहि ही खूण घातलेलीं पानें थोडीं, आणि पुष्कळ ठिकाणीं तर मराठी पानावर इंग्रजीची खूण तशीच राहिलेली असते.

'ल' आणि 'श' यांत केवळ वळणाचा प्रश्न आहे, अर्थ बिघडत नाहीं, असें कोणी म्हणेल. तर मग अर्थ बिघडविणारें उदाहरण घेऊं. 'दर्या' म्हणजे समुद्र. 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोलगट जागा. 'आचार्यांस' वंदन करावयाचें, आणि 'आचाऱ्यांस' स्वयंपाक सांगावयाचा. हा भेद मराठी उच्चारांत आहे, म्हणून मराठी लेखनांतहि आहे; रफार वेगळा आणि हा आडवा, पापणीसारखा 'ऱ' वेगळा. ज्या फाँटाच्या कर्त्यानें मराठी डोळ्यांपुढें ठेविली नाहीं, त्यांत या पापणीच्या जागीं पाय मोडलेला, खालीं टिंब असलेला 'र' उभा राहतो. आणि तें विद्रूप टाळण्यासाठीं लिहिणारा सरळ रफार देऊन मोकळा होतो. अशा रीतीनें फाँटाच्या अज्ञानामुळें भाषेंतला एक भेद पुसूं लागतो. व्याकरणकारानें तो काढला नाहीं, बोलणाऱ्यानें सोडला नाहीं. केवळ पान करणाऱ्यानें पाहिला नाहीं, म्हणून तो गेला. वाङ्मयाच्या अभ्यासकानें या प्रश्नापासून अलिप्त कां राहूं नये, याचें याहून सबळ कारण आम्हांस सांगतां येणार नाहीं.

साधनांच्या अभावाची सबब आतां चालणार नाहीं. राज्य मराठी विकास संस्थेसाठीं घडविलेला 'यशोमुद्रा' हा फाँट मराठी वळणाचा आहे. २०२२ सालीं विनामूल्य उपलब्ध झालेल्या 'टीरो देवनागरी' या फाँटाचीं हिंदी, संस्कृत आणि मराठी अशीं तीन स्वतंत्र रूपें आहेत. जॉन हडसन आणि फिओना रॉस यांच्यासारख्या परकीय कारागिरांनीं जुन्या ग्रंथमुद्रणाचा अभ्यास करून मराठीस तिचें वेगळें रूप दिलें, याबद्दल त्यांचें कौतुक करावें तेवढें थोडें. त्या अक्षरांत बोरूचा चढउतार पुन्हां भेटतो, आणि आजचा बारीक ठिपक्यांचा पडदा तो सोसूंहि शकतो. अभ्यासाच्या ग्रंथांचीहि अगदींच वाण नाहीं. बापूराव नाईक यांचा देवनागरी मुद्राक्षरांवरील मोठा ग्रंथ १९७१ सालीं शासनाच्या भाषा संचालनालयानें काढला. पवईच्या संस्थेनें २००८ पासून मुद्राक्षरांवर परिषदा भरविल्या आहेत. सामुग्री आहे, ज्ञान आहे, दाम लागत नाहीं. उणीव आहे ती शिक्षणाच्या क्रमांत. विद्यार्थी अक्षराचें शरीरशास्त्र प्रथम रोमन लिपीवर शिकतो. देवनागरी त्यास शेवटीं, पुरवणीदाखल भेटते. मग त्याच्या डोळ्यास रोमनचें प्रमाण हें प्रमाणच वाटतें, आणि शिरोरेषा, मात्रा, उकार हीं त्या प्रमाणांत न बसणारीं संकटें वाटतात. ज्या लिपीनें त्यास पहिलें 'ग म भ न' शिकविलें, तीच त्यास अडचण वाटूं लागावी, हा या क्रमाचा परिणाम आहे.

यावर नव्या पिढीचा एक आक्षेप आम्ही ऐकून आहों, आणि तो उडवून लावण्यासारखा नाहीं. ते म्हणतात, "आम्ही कलावंत आहों, वाचकाची सोय हेंच सर्वस्व मानलें तर नवें कांहीं घडणारच नाहीं. निर्णयसागरचें अक्षर तरी एके दिवशीं नवेंच होतें." हें खरें आहे. परंतु निर्णयसागरचें नवेपण कोणत्या जातीचें होतें, तें पाहावें. विल्यम मॉरिस या इंग्रज कवीनें १८९१ सालीं केल्मस्कॉट छापखाना काढला, आणि १८९६ सालीं चॉसरच्या काव्याची आपली सुप्रसिद्ध आवृत्ति सिद्ध केली. अक्षरें त्याचीं, वेलबुट्टी त्याची, कागद मनाजोगा. ती प्रत पाहणारा थक्क होतो. परंतु ती पाहण्यासाठीं ग्रंथालयाच्या कांचपेटीपाशीं जावें लागतें. चॉसर वाचावयाचा तर लोक दुसरी साधी प्रत हातीं घेतात. त्याच्या तुलनेंत निर्णयसागरची पोथी पाहावी. ती पाठशाळेंत मळली, तिच्या कडांवर टिपणें पडलीं, तिचीं पानें उलटून उलटून मऊ झालीं. मॉरिसचें कार्य थोर खरें. त्यानें ढिसाळ छपाईविरुद्ध युरोपाचा डोळा उघडला. तरी अक्षराचा सन्मान कोठें अधिक झाला, कांचपेटींत कीं पाठशाळेंत, असें विचाराल तर आमचें उत्तर ठरलेलें आहे. कलावंताचें स्वातंत्र्य वाचकापासून सुटका करून घेण्यांत नाहीं. वाचकास अधिक दूरवर, अधिक सुखानें नेण्याच्या नव्या युक्त्या शोधण्यांत आहे. तेथें शोधण्यास अजून पुष्कळ जागा आहे. लांब समासांच्या मराठी शब्दांनीं अरुंद पडद्यावर ओळ कोठें तोडावी, मराठी मजकुरांत मधेंच येणाऱ्या इंग्रजी शब्दाचा आकार देवनागरीशीं कसा जुळवावा, कवितेची लांब ओळ मोबाइलवर मोडली तर ती मोडलेली ओळ आहे, नवी ओळ नव्हे, हें वाचकास कसें दाखवावें, हे सर्व प्रश्न पूर्ण सुटलेले नाहींत. ज्यास सर्जन करावयाचें आहे त्यानें येथें करावें.

म्हणून या तीन आवडी सांगणाऱ्या विद्यार्थ्यास आमची सूचना अशी, कीं त्यानें त्यांचा क्रम बदलावा. वाचन प्रथम, अक्षर नंतर, चित्र शेवटीं. त्यानें महिनाभर बोरूनें लिहून पाहावें, म्हणजे 'ळ' कोठें वळतो आणि 'ज्ञ' कोठें श्वास घेतो, हें त्याच्या हातास कळेल. पान मांडावयाचें तें खऱ्या मजकुराचें मांडावें, आणि मांडून झाल्यावर तें मोठ्यानें वाचावें. जीभ जेथें अडखळते तेथें बहुधा डोळा आधीं अडखळलेला असतो. अक्षर निवडतांना सोपे शब्द लिहून पाहूं नयेत. 'कर्तृत्व', 'दऱ्याखोऱ्यांतून', 'श्लेष', 'वाङ्मय', 'उद्ध्वस्त' असे खोडकर शब्द लिहून पाहावे, कारण फाँटाची परीक्षा त्याच्या सर्वांत अवघड अक्षरावर होते. आणि शेवटीं तें पान आपल्या गुरूंस दाखविण्यापूर्वीं, स्वस्त मोबाइलवर, उन्हांत, एखाद्या आजीच्या हातीं द्यावें. तिनें तें न थांबतां वाचलें, तर त्यास उत्तीर्ण समजण्यास हरकत नाहीं.

लेखक व संपादक यांचेंहि या बाबतींत कांहीं कर्तव्य आहे. मुद्रितें तपासतांना ऱ्हस्वदीर्घाची चूक आम्ही मंडळी डोळ्यांत तेल घालून शोधतों. परंतु तोच मजकूर पडद्यावर कोणत्या रूपानें जातो, तें पाहण्याची चाल आपल्यांत अजून पडलेली नाहीं. शुद्धलेखनाइतकीच शुद्ध अक्षराची मागणी लेखकांनीं केली, तर पान करणाऱ्यास ती मान्य करावीच लागेल.

आज लहान मूल पुस्तकापूर्वीं पडदा हातीं घेतें. जें वळण त्यास तेथें दिसेल, तेंच त्याच्या बोटांत उतरेल. पडद्यावर त्यास दंडाचा 'ल' आणि गाठीचा 'श' दिसत राहिला, 'दऱ्या' आणि 'दर्या' एकाच रूपांत भेटत राहिल्या, तर पुढच्या पिढीची मराठी लेखणी तशीच वळेल. आणि तें वळण कोणी विचारपूर्वक निवडलेलें नसेल. शासनाचा निर्णय फळ्यापर्यंत पोंचतो. मुलाच्या तळहातावरील कांचेपर्यंत पोंचण्याची वाट डिझाइनच्या त्या विद्यार्थ्याच्या मेजावरून जाते.